पेटीवरची फुली

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कुणी म्हणायला नको. बंदराच्या विरोधात मोर्चा निघाला की वाढवणची माणसं मला पुढे उभी करतात, कारण माझ्या घोषणेला भोंगा लागत नाही. ह्या तोंडाच्या जोरावर मी मासळी विकली, पोरगी वाढवली, नवऱ्याला टाकून आले. आणि ह्याच तोंडाने मी एक चांगला चाललेला दवाखाना बंद पाडायला निघाले होते.

मी जमना. पहाटे डहाणूला बर्फ घ्यायचा, मासळी भरायची, एसटी पकडायची आणि तलासरीच्या बाजारात जाऊन बसायचं. उरलेली मासळी अच्छाडच्या ढाब्यांवर घालायची. आठ-नऊ वर्षं हेच, त्याआधी सासरीही मासळीच. घरात मी आणि माझी निलम, तिसरं कुणी नाही.

निलम तेरा वर्षांची झाली आणि पाणी प्यायला लागली. पाणी म्हणजे किती? हंडाच तोंडाला लावायची. वाळत चालली, शाळेत जायला पाय उचलेना. मोठ्या दवाखान्यात नेली तर म्हणाले साखर आहे, लहान पोरांना होते ती. आता जन्मभर रोज दोन वेळा सुई. पुढचा प्रश्न, रेशनकार्ड कुठंय? माझं नाव पलीकडच्या कार्डावर, उंबरगावच्या बाजूला. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा मी पाच वर्षांच्या निलमला काखेत मारून माहेरी आले, कार्ड मागत काय बसते? इथे म्हणतात तुझं कार्ड गुजरातचं. तिथे म्हणतात तू राहतेस महाराष्ट्रात. ना विमा, ना योजना. मी मेले असते तरी कुणाच्या यादीत नव्हते.

तेव्हा ढाब्यावरच्या एका बाईने मला बिनकार्डाचा दवाखाना दाखवला. अच्छाडला हायवेच्या कडेला एक बंद पडलेला वजनकाटा आहे, पूर्वी तिथे ट्रक तोलायचे. त्याच्या दोन खोल्यांत डॉक्टर मयुरा बसते. तलासरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशीच उघडतो, म्हणजे पाड्यावरची माणसं एका फेरीत दोन्ही कामं उरकतात. तिथे कार्ड विचारत नाहीत. नाव विचारतात आणि जेवून आलात का ते विचारतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आम्हाला ट्रकच्या काट्यावर तोलणार काय गं?" तर मयुरा हसली. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोर. तिला मी तूच म्हणते.

खरं सांगते, त्या थंडीत माझी निलम परत माणसात आली. उमेश म्हणून तिथला कंपाउंडर आहे, त्याने तिला स्वतःची सुई स्वतः घ्यायला शिकवलं. दर बाजाराला सुईच्या औषधाची एक बाटली द्यायचा. थंडीचे दिवस, बाटली घरात कपाटातच राहायची. पोरीच्या गालावर मांस चढलं. सुई घेताना मीच तोंड फिरवायची, तर मला चिडवायची, "आई, बोईट कापताना बघतेस की!"

मग होळी जवळ आली आणि ऊन तापलं. उमेशने एकदम दोन बाटल्या दिल्या. म्हणाला, "जमनाताई, आता गरमी. ह्या गार जागी ठेवायच्या. नीट ऐका, एक माठ घ्या..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "अरे जा रे!" मी म्हटलं. "मला शिकवतोस गार कसं ठेवायचं? पंधरा वर्षं मासळी ठेवते बर्फात. अजून एका गिऱ्हाइकाने वास आला म्हणून पापलेट परत आणलेलं नाही." बाकावरची माणसं हसली, उमेश पण हसला आणि पुढच्या पेशंटकडे वळला.

घरी आले आणि माझी निळी पेटी घासून काढली, लाल दोरीची. तळाला बर्फाचा चुरा, त्यावर खडेमीठ, कारण मीठ घातलं की बर्फ जास्त कडक गार धरतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बाटल्या पिशवीत बांधून मधोमध खुपसल्या, वर पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. रोज पहाटे ताजा बर्फ घालायची. विकायच्या मासळीला कमी पडला तरी चालेल, त्या पेटीला कमी पडू दिला नाही. निलम सकाळी उठली की म्हणायची, "आई, माझं पापलेट काढ." बाटली दगडासारखी लागायची. मग ती दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसायची, विरघळेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पाणी प्यायला लागली.

मला वाटलं, हिने चोरून खाल्लं. होळीचे दिवस, शेजारीपाजारी गोडधोड. विचारलं तर नाही म्हणाली. परत विचारलं, परत नाही. मी तिला मारलं. हो, मारलं. ह्या हाताने कानशिलात दिली आणि म्हटलं, "लोक फुकट औषध देतात आणि तू जिभेचे चोचले कर!" ती रडली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास मोठा मोठा चालायला लागला. तोंडाला कसला तरी गोड वास, चिकू जास्त पिकून फुटतो ना, तसला. सुई मात्र मी चुकवली नाही. वेळच्या वेळी, घड्याळ लावून.

सहाव्या दिवशी भर दुपारी रिक्षात घातली आणि डहाणूला निघाले. डोकं माझ्या मांडीवर. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी यायची होती म्हणून रिक्षा थांबली. तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, मी खरंच काही खाल्लं नाही गं."

फाटक उघडायच्या आत गेली.

मयुरा आणि उमेश दहाव्याला घरी आले. मी तोंडाला येईल ते बोलले. ती निळी पेटी उचलून त्यांच्यापुढे आदळली, "घेऊन जा तुमचं फुकटचं विष!" मयुराने झाकण काढलं. आत सगळं पाणी झालेलं. तिने बाटली काढून उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. मग हळूच विचारलं, "ह्यात ठेवायचात?"

"मग काय चुलीवर ठेवू? बर्फात ठेवली. मीठ घालून ठेवली. तुझ्या फ्रीजच्या बापाला जमणार नाही असली गार."

उमेश काही बोलायला गेला तर तिने त्याचा हात दाबला, हे मी पाहिलं. पाहिलं, पण कळलं नाही. तिने पेटीचं झाकण परत लावलं. मग म्हणाली, "जमनाताई, चूक आमच्याकडून झाली. आम्हाला माफ करा."

झालं! मला हवं होतं तेच मिळालं. तेराव्यानंतर मी बाजारात उभी राहिले आणि पाटीवर हात आपटून सांगितलं, "डॉक्टरणीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय! त्यांच्या सुईने माझी पोर मारली!" दर बाजाराला सांगितलं. ढाब्यांवर सांगितलं, एसटीत सांगितलं. माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. बोलले नाही की रिक्षातलं ते वाक्य कानात यायचं, म्हणून बोलत राहायची. पावसाळा सरेपर्यंत वजनकाट्यासमोरचा बाक रिकामा पडला. एकदा कुणी तरी त्यांच्या नावाच्या फळीवर शेण मारलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सुकी माझं जुनं गिऱ्हाईक, तलासरीच्या आतल्या पाड्यावरची. बाजाराला आली की माझ्याकडून सुके बोंबील न्यायची. दिवाळी झाल्यावर एके दिवशी ती नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन आली. चंपा तिचं नाव. सुकी माझ्यापुढे बसली आणि एकदम माझे हात धरले.

"जमनाबाय, तू होतीस म्हणून माझी पोर वाचली गे."

"मी काय केलं?"

"ती डॉक्टरीण पाड्यावर आली होती. चंपाला साखर आहे म्हणाली, रोज सुई घ्या म्हणाली. मी हाकलून दिली. म्हटलं, जमनाबायची पोर मारलीस तू, आम्हाला ठाऊक आहे. परत दोनदा आली, तरी दार उघडलं नाही."

मी पोरीकडे बघितलं. ती बाजूच्या नळाला तोंड लावून पीत होती. थांबायची, श्वास घ्यायची, परत प्यायची. हाताची हाडं नुसती. मी हाक मारली तशी आली, आणि माझ्यापाशी उभी राहून मोठा श्वास सोडला.

तो वास. फुटक्या चिकूचा.

माझ्या हातातला बोंबील खाली पडला. म्हटलं, "हिला सुई दिली कुणी?"

"एकपण नाही! देवाशपथ."

मी अडाणी असेन, पण एवढं डोकं मला आहे. ज्या पोरीला सुई टोचलीच नाही, तिच्या तोंडाला माझ्या निलमचा वास कसा? सुईने मारलं असतं तर हा वास सुईचा असता. हा वास सुई नसल्याचा होता. मग निलमला तर सुई होती. वेळच्या वेळी होती. मग तिच्या अंगात गेलं तरी काय?

मासळी तशीच टाकली आणि सुकीला म्हटलं, "ऊठ. रिक्षात बस." तिला वाटलं मी भांडायलाच निघाले, म्हणून खुशीने बसली. मलाही तसंच वाटत होतं.

वजनकाट्याच्या खोलीत आठ महिन्यांनी पाय ठेवला. बाकावर एक म्हातारा, बस्स. समोरच्या भिंतीवर मोठं चित्र चिकटवलेलं होतं, रंगवलेलं, अक्षर एक नाही. एका बाजूला वाळूत बसवलेला माठ आणि त्यात बाटली. दुसऱ्या बाजूला बर्फाची पेटी, त्यात बाटली, आणि पेटीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली.

पेटी निळी होती. दोरी लाल.

मी उमेशचा हात धरला. म्हटलं, "उमेश, बर्फात ठेवलं की काय होतं रे?"

तो मयुराकडे बघायला लागला.

"तिच्याकडे बघू नको! मला सांग!"

"गोठलं की औषध मरतं, जमनाताई," तो म्हणाला. "नंतर विरघळलं तरी नुसतं पाणी. मी त्या दिवशी सांगायला गेलो होतो. तुम्ही थांबवलंत आणि मी थांबलो. थांबायला नको होतं मी."

म्हणजे सहा दिवस मी पोरीला पाणी टोचलं. आणि वर कानशिलात दिली.

मयुरा पुढे आली तर मी तिच्यावरच ओरडले, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?" तिचे डोळे भरले होते. "निलम तर गेली होती. शिव्या आम्ही सोसल्या असत्या. हे तुम्हाला सोसलं नसतं."

"आणि ही?" मी चंपाला पुढे केलं. "हिचं काय?"

तिने चंपाकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "इथे मी चुकले, जमनाताई." आणि लगेच चंपाची नाडी धरली, डोळे बघितले, बोटातलं थेंबभर रक्त मशिनीवर लावलं. "उमेश, सलाईन. गाडी काढायला सांग. आत्ता सुरू केलं तर मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचेल ही. उशीर झाला तर नाही."

सुई दिसली तशी सुकीने पोरीला ओढून छातीशी धरली. "हात लावायचा नाही! हिनेच सांगितलंय सगळ्या बाजाराला. डॉक्टरणीने कबूल केलं होतं. जमनाबाय, बोल की! गप्प का तू?"

खरंच, गप्प का मी? आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड उघडेना. उघडलं की ते बाहेर येणार होतं, आणि एकदा बाहेर आलं की मी आई म्हणून उभी राहणार नव्हते. सुकीच्या खांद्यावर चंपाची मान लटकी पडायला लागली होती. रिक्षात निलमची पडली होती, अगदी तशी.

"सुके, हिने नाही मारली," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता. "मी मारली."

"काय बोलतेस?"

"औषध चांगलं होतं. मी ते मासळीसारखं बर्फात घातलं. मीठ घालून घातलं. ते मेलं आणि मी मेलेलं औषध पोरीला दिलं. ती तहान तहान करत होती तर चोर म्हणून मारली तिला. ती पेटी बघ भिंतीवर. ती माझी आहे. सगळ्या बाजाराला मी खोटं सांगितलं, सुके. तुझ्या पोरीला मारू नकोस. माझ्यासारखी राहू नकोस."

सुकीने भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. मग तिने छातीवरचे हात सैल केले, चंपाचा बारका दंड उघडा केला आणि डॉक्टरणीला म्हणाली, "दे." मला म्हणाली, "तू हलायचं नाहीस इथून." मी हलले नाही. गाडीतही चंपाचे पाय माझ्या मांडीवर होते.

नऊ दिवसांनी पोर घरी आली. सुकी पाड्यावर मला पाणी विचारत नव्हती, की ये म्हणत नव्हती. तरी मी जायची. एक मोठं मडकं, त्यात वाळू, वाळूत लहान माठ, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओला फडका. मीच बसवलं, तिच्या घराच्या सावलीच्या कोपऱ्यात. दर बाजाराच्या दिवशी आधी दवाखान्यात जाऊन त्या चित्राखाली उभी राहायची आणि जे येईल त्याला सांगायची, ही पेटी माझी. कुणी मान फिरवायचं, कुणी थुंकायचं. एक बाई माझ्याबरोबर रडली. बाक हळूहळू भरायला लागला. त्याने निलम आली काय? नाही. घरी गेले की तेच रिकामं घर, आणि पहाटे उठून तोच बर्फ घ्यायचा. पोटासाठी घ्यावाच लागतो. हात लावला की रोज मरते.

यंदाच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले तर सुकीचा आवाज लांबूनच ऐकू आला. "सकाळपासून तीन तांबे प्यायलीस! कुणाकडे काय खाल्लंस सांग. लोक एवढं करतात आणि तू चोरून खातेस!" मी दारात पोचले तेव्हा तिचा हात वर होता. चंपा भिंतीला टेकून उभी. डोळे कोरडे, नुसती बघत होती आईकडे.

"आई, मी खरंच काही खाल्लं नाही," ती म्हणाली.

मी सुकीचा हात हवेतच धरला. माझी बोटं तिच्या मनगटात रुतली असतील.

"तिने नाही खाल्लं," मी म्हटलं.

"तुला काय ठाऊक?"

"ती खरं बोलते. पोर खरं बोलते, सुके. आधी बाटली बघ. पोरीला नंतर, आधी बाटली."

मडक्याजवळ गेले आणि वाळूत बोटं घातली. वाळू कोरडी ठाक होती, गरम लागत होती. होळीच्या गडबडीत दोन दिवस कुणी पाणी घातलंच नव्हतं. बाटली काढून मी दारातल्या उजेडात धरली. निलमची बाटली मी एकदाही अशी उजेडात धरली नव्हती. हिच्यात बारीक कण तरंगत होते; बाद झाली होती, बाजूला ठेवली. दवाखान्याचा दिवस नव्हता, तरी उमेशला फोन लावला. तो म्हणाला, नवीन घेऊन निघतो, तासाभरात पोचतो.

मग चंपाला जवळ घेतली. माझ्या तोंडून तेच परत परत येत होतं, "तू काही खाल्लं नाहीस. मला ठाऊक आहे. तू काही खाल्लं नाहीस, माझे बाय." तिला दोनदाच सांगून पुरलं असतं, तरी माझं थांबेना.

हे मी कुणाला सांगत होते ते सुकीला कळलं असावं. ती आत जाऊन पाण्याचे दोन तांबे घेऊन आली, पहिला माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा वाळूवर ओतायला लागली.